आज्ञाधारक शटिल

डेस्कटॉपवरचा पसारा आवरायला पायथनमध्ये ‘शटिल’ नावाची लायब्ररी आहे. इतकी आज्ञाधारक, की धडकीच भरावी. शंभर पीडीएफ एकेक करून ‘बिलं’ फोल्डरमध्ये हलवायला सांगा. असा फोल्डरच नसेल तर ती हटकत नाही. पहिल्या पीडीएफचंच नाव ‘बिलं’ ठेवते. दुसरी त्याच नावाने पहिलीच्या उरावर, तिसरी दुसरीच्या... शेवटी डेस्कटॉप लख्ख, एरर शून्य आणि शंभरातलं एकच बिल शिल्लक. (ही सोय काही हिशेबनिसांना कळू नये.) मग जाणकार उगवतात: ‘अहो, फोल्डर आहे का ते आधी बघायचं ना!’ उपाय एका ओळीचाच: ‘मेकडर्स’ने फोल्डर आधी बनवा, ‘एक्झिस्ट-ओके’ला ट्रू द्या. आणि रिसायकल बिन उपसत बसू नका. तिथे काही गेलेलंच नाही.