हिवाळी अधिवेशन, रात्रपाळी

१९५३च्या नागपूर कराराच्या कृपेने सरकार डिसेंबरात नागपुरात उतरतं, आणि तिकडे काटोल-नरखेडला रानडुकरांचा कळप हरभऱ्यात. डुकरांचं कामकाज मात्र पहाटेपर्यंत चालतं; सभात्याग कोणी करत नाही. शेतकरी कुंपणाला जुन्या साड्या बांधतो, झटका मशीन लावतो, फटाके घेऊन जागलीला बसतो. रोही (नीलगाय) साडी हुंगून निवांत आत शिरतो. मारावं तर १९७२चा वन्यजीव कायदा आडवा. उरला पंचनामा; साहेब येईतो डुकरं दुसऱ्यांदा जेवून जातात.

अमेरिकेत पंक्सटॉनी गावचे लोक १८८७पासून दर २ फेब्रुवारीला बिळातल्या ग्राउंडहॉगला विचारतात, थंडी किती उरली? आमचं डुक्कर न विचारताच सांगतं, हरभरा किती उरला.