कासऱ्याचं दुसरं टोक

यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात मी नोकरीभर बैल पारखले. खिल्लार खोंड समोर आला की आधी जबडा उघडून आदत आहे, दोन दाती की चार दाती ते बघायचं. मग शिंगांची ठेवण, वशिंड, पोळी, खुरं, चाल. नंबर लिहायचा आणि पुढच्याकडे सरकायचं. कासऱ्याच्या एका टोकाला बैल असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या टोकाला कोण असतं ते मी कधी बघितलं नाही. ते टोक निकाल लागल्यावर आपण होऊन भेटायला यायचं. म्हणून निकाल वाचायच्या आधी जीप वळवून, इंजिन चालू ठेवून उभी करायची, असा माझ्या ड्रायव्हरला कायमचा हुकूम होता.

निवृत्त झाल्यावर उन्हाळ्यात लेकीकडे विस्कॉन्सिनला जायला लागलो. तिकडे त्या दिवसांत काउंटी-काउंटीच्या जत्रा भरतात. पाळणे, तळलेल्या चीजचे गोळे, ट्रॅक्टरने वजन ओढायच्या स्पर्धा आणि या सगळ्याच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये, गुरं. मी अर्थातच थेट शेडमध्ये. रिंगणात भुसा पसरलेला, दहा-बारा कालवडी गोल फिरताहेत आणि मधोमध उभा असलेला जज कालवडींकडे ढुंकून बघत नाही. तो बघतोय कालवडी धरणाऱ्या पोरांकडे. मला वाटलं, माणूस नवखा असेल. चौकशी केली तेव्हा कळलं, हा 'शोमनशिप'चा वर्ग. जनावराच्या बांध्याला इथे मार्कच नाहीत. ते धुतलंय कसं, धरलंय कसं, उभं केलंय कसं, एवढंच बघायचं. म्हणजे मी ज्या टोकाला भिऊन जीप चालू ठेवायचो, त्याच टोकाला हा गृहस्थ नंबर देत होता, आणि तेही जीपशिवाय!

तीन उन्हाळ्यांत असे सहा-सात जज बघितले. पुरुष बघितले, बायका बघितल्या. सगळे एकाच साच्यातले निघाले.

हा माणूस एरवी गोठेवाला तरी असतो, शेतकी शिकवणारा मास्तर तरी, नाहीतर रेतनासाठी वळू निवडणाऱ्या कंपनीतला. लहानपणी तोही याच भुशात पांढरी पँट घालून फिरलेला असतो. (दुधाळ गुरांच्या या खेळाला पांढऱ्या कपड्यांची रीत आहे. शेणाशी दिवसभर गाठ असलेल्या पोरांना पांढरा गणवेश ज्याने कुणी ठरवला, त्याच्या घरी धुणं नक्कीच दुसरं कुणीतरी करत असणार.) त्याच्या घरी 'होर्ड्स डेअरीमन' येत असतं. फोर्ट अ‍ॅटकिन्सनहून 1885 सालापासून निघणारं हे नियतकालिक 1931 पासून गाईंचे फोटो छापून वाचकांना त्यांचे नंबर लावायला सांगतं. आपण दिवाळी अंकातलं शब्दकोडं घेऊन बसतो तशी तिकडची घरं जेवणाच्या टेबलावर गाईंची कास निरखत बसतात. असल्या घरात वाढलेला मुलगा जज झाला नाही तरच नवल.

भर उन्हाळ्यात तो टाय लावून येतो. बूट असे चकचकीत की कालवडीला त्यात आपलं तोंड दिसावं. हात मागे बांधून तो तीन पावलं मागे सरतो, मान तिरकी करतो, हनुवटी चिमटीत धरतो आणि आपल्याला वाटतं, आता काहीतरी होणार. काही होत नाही. तो तसाच पुढच्या पोराकडे जातो. मधेच पाठ फिरवून कारकून बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. ही पाठ फसवी असते. जज बघत नाहीसं पाहून एखादं पोर नाक खाजवतं, कालवडीला कोपर मारतं, आणि नेमकं तेव्हाच ती पाठ गर्रकन फिरते. आमच्या शाळेत एक हेडमास्तर हीच युक्ती करायचे, पण त्यांच्या हातात छडी असायची. याच्या चेहऱ्यावर हसू असतं, ते जास्त भयंकर.

पोरांची कसरत मात्र बघण्यासारखी. तोंड कालवडीकडे करून उलट्या पावलांनी चालायचं, डाव्या हातात म्होरकी, जनावराचं डोकं उंच, आणि एक डोळा सतत जजवर. थांबलं की पाय मांडायचे. कालवडीच्या मागच्या पायांची मांडणी वेगळी, दुभत्या गाईची वेगळी. जज जवळ येऊन केसांतून उलटा हात फिरवतो आणि तळवा बघतो. मग कालवडीच्या कानामागे बघतो. माझी आजी शाळेत जायच्या आधी आम्हा भावंडांचे कान असेच तपासायची; फरक इतकाच की इथे कान एकाचे आणि अब्रू दुसऱ्याची.

नंतर प्रश्न. हिचा जन्म कधीचा, बाप कोण, खुराकात प्रथिनं किती टक्के. आणि सगळ्यांत कपटी प्रश्न : 'हिच्यात काही बदलता आलं असतं तर काय बदललं असतंस?' नवखं पोर कालवडीच्या गळ्यात हात टाकून सांगतं, 'काही नाही.' मुरलेलं पोर सांगतं, 'कंबर थोडी भक्कम हवी होती.' मार्क दुसऱ्याला. मला विचाराल तर माणूस पहिला चांगला, पण मला कुणी विचारत नाही.

अगदी चिमुरड्यांच्या वर्गात याच जजचं लोणी होतं. तिथे नंबर नसतात, प्रत्येकाला फीत. तो गुडघे टेकून भुशात बसतो आणि विचारतो, 'वासराचं नाव काय?' 'ओरिओ.' पुढच्याला विचारतो. 'ओरिओ.' काळ्या-पांढऱ्या होल्स्टीनच्या मुलखात दुसरं काय असणार! एका सकाळी मी तीन ओरिओ मोजले. तिसऱ्या ओरिओलासुद्धा जजने तितक्याच नवलाने 'अरे वा!' म्हटलं.

पण त्याची खरी विद्या दिसते माईक हातात आल्यावर. आमच्याकडे निकाल म्हणजे तीन नंबर, तीन नावं, की जीप. हा प्रत्येकाची कारणं देतो. 'पहिल्या मुलीची नजर सबंध वर्गात एकदाही ढळली नाही. दुसऱ्या मुलाने कालवडीची पाठ जास्त सरळ राखली, हे मी मान्य करतो, पण...' या 'मान्य करतो'वर सगळी इमारत उभी आहे. तिकडे पोरांना जनावरं पारखायला शिकवताना तोंडी कारणंही द्यायला शिकवतात, आणि वरच्याची बाजू मांडली की खालच्याचा गुण कबूल करायचा असा त्यातला दंडक. आपल्याकडे मुलगी नाकारताना 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात, तीच कला. फक्त इथे कारण खरं असावं लागतं, कारण मुलीची आई दहा फुटांवर बसलेली असते. अकराव्याला तो म्हणतो, 'शेपटीचा गोंडा इतका सुंदर विंचरलेला मी आज दुसरा बघितला नाही.' अकरावा खूश. गोंडा तेवढा बघायचा, त्याच्या पुढे जोडलेलं सगळं विसरायचं.

या माणसाला वैरी एकच, तो कठड्यापाशी उभा असतो. बियाणं कंपनीची टोपी, छातीवर हाताची घडी, आणि रिंगणात नातवंड. हा आजोबा मनातल्या मनात स्वतंत्र निकाल लावतो आणि तो जजच्या निकालाशी कधीही जुळत नाही. पोराला खुणा करणं, घसा खाकरणं, 'पाय, पाय!' असं दात आवळून पुटपुटणं, सगळे गुन्हे त्याचेच. पहिल्या दोन वर्षांत मी असल्या म्हाताऱ्यांना मनसोक्त हसलो.

तिसऱ्या वर्षी माझी दहा वर्षांची नात 'फोर-एच'मध्ये गेली. ओहायोतल्या ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळाधिकाऱ्याने 1902 साली पोरांचं एक मंडळ काढलं, त्यातून वाढलेली ही चळवळ. शेतकरी बाप नवीन काही ऐकत नाही, पोरगं ऐकतं, आणि पोराचं पीक बघून बाप ऐकतो, अशी त्यामागची युक्ती सांगतात. मी जन्मभर बापांनाच भाषणं देत राहिलो. असो. नातीने शेजारच्या गोठ्यातली जर्सी कालवड हंगामापुरती मागून घेतली, दोन महिने धुतली, फिरवली.

वर्ग रंगात आला आणि जजने दोन बोटं फिरवून खूण केली : जनावरांची अदलाबदल. नातीच्या वाट्याला एक आडदांड होल्स्टीन कालवड आली. ती चार पावलं चालली आणि फतकल मारून बसली. जजने नेमकी पाठ फिरवली. नातीने ओढलं नाही, ओरडली नाही. शर्ट नीट खोचला, कालवडीच्या मानेखाली खाजवत उभी राहिली. मिनिटभराने बाईसाहेब उठल्या. तिकडे नातीच्या जर्सीने जजच्या चकचकीत बुटावर भरघोस अभिषेक केला. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. तसाच नातीकडे आला आणि विचारलं, 'गाईचं तापमान किती असतं?'

तिला येत होतं. घरी मीच घोकून घेतलं होतं : 101.5 फॅरनहाइट. तिने बरोबर सांगितलंही.

ती चौथी आली. जजने माईक घेतला. 'चौथ्या मुलीने बसलेल्या कालवडीपाशी दाखवला तेवढा धीर मला आज कुणातच दिसला नाही, हे मी मान्य करतो. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर तिने कठड्याकडे बघून दिलं.'

कठड्यावर मी होतो. एक बोट, मूठ, पुन्हा एक बोट असं करून झालं होतं आणि पॉइंट फाइव्ह कसं दाखवायचं या विवंचनेत दोन्ही हात हवेतच राहिले होते.

संध्याकाळी मी शेडमध्ये जर्सीला पाणी दाखवत होतो, तेव्हा तो आला. बूट धुतलेले, टाय सैल. नातीला म्होरकी कुठे धरायची ते दाखवलं, पुढच्या वर्षी ये म्हणाला. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. 'तुम्हीही जज होता म्हणे? तुम्ही हिला कितवी ठेवली असती?'

नात माझ्याकडे बघत होती. लेक बघत होती. पहिल्या आलेल्या मुलीचे आजोबा शेजारच्याच दावणीला होते, तेही हाताची घडी घालून वळले. माझी नजर सवयीने शेडबाहेर गेली. जावयाची गाडी पार दुसऱ्या टोकाला लावलेली होती, आणि इंजिन बंद होतं.