मामाला डच जेवायचंय

ॲमस्टरडॅममध्ये रस्ता विचारला तर माणूस सायकलवरून उतरतो, हातवारे करतो, कोपऱ्यापर्यंत सोबत येतो. डच जेवण कुठे चांगलं मिळेल असं विचारलं, की तोच माणूस पुन्हा सायकलवर बसतो.

भाच्याच्या ऑफिसातल्या एका साडेसहा फुटी सहकाऱ्याला मी गाठलं. ‘डच जेवण?’ त्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. ‘कशाला?’ मग इंडोनेशियन जेवा म्हणाला, सुरिनामी जेवा म्हणाला, शेजारच्या गल्लीत तुर्की खानावळ आहे म्हणाला. मी हटत नाही हे दिसल्यावर बराच वेळ विचार करून त्याने कबूल केलं, की त्याची आई दर बुधवारी अगदी अस्सल डच स्वयंपाक करते. पत्ता मात्र दिला नाही.

मला त्याचा राग आला नाही. दादरला आमच्याकडे बाहेरचा पाहुणा येतो आणि ‘मराठी जेवण कुठे मिळेल?’ म्हणतो, तेव्हा आम्ही तरी काय करतो? त्याला वडापाव चारतो, मिसळीने रडवतो आणि ‘चला, आता नीट जेवू या’ म्हणून उडप्याकडे नेतो. आमटी-भात आणि लाल भोपळ्याची भाजी पैसे मोजून खायची असते, हे आपल्याला अजून मनातून पटलेलं नाही. जे आई घरी फुकट वाढते ते हॉटेलात कोण मागणार? डच माणसाचंही बटाट्याबद्दल नेमकं हेच म्हणणं आहे.

पण माझ्या हट्टामागे इतिहास होता. मी वेंगुर्ल्याचा. सतराव्या शतकात डच लोक आमच्या गावात वखार घालून बसले होते. गोव्याच्या पोर्तुगीजांच्या नाकात दम आणायला ते बंदर त्यांना सोयीचं पडे. त्या वखारीचे अवशेष अजून उभे आहेत आणि शाळा बुडवून बसायला त्यांच्याइतकी थंड जागा गावात दुसरी नव्हती. इतकी वर्षं ही मंडळी आमच्या गावचं खाऊन गेली. त्या पाहुणचाराची परतफेड मागायला साडेतीनशे वर्षं म्हणजे काही फार उशीर नव्हे.

शिवाय एक कोडं मला छळत होतं. मिरी, लवंग, जायफळ, दालचिनी यांच्यासाठी ज्यांनी अर्धं जग पालथं घातलं, त्यांच्याच जेवणाची ‘मिळमिळीत’ म्हणून ख्याती कशी? इतका मसाला गेला कुठे? ॲमस्टरडॅममध्ये 1667 साली ‘दे फेरस्तांदिखे कॉक’, म्हणजे शहाणा स्वयंपाकी, नावाचं पुस्तक निघालं. त्यात मांसाला आलं, माशाला जायफळ, सगळ्याला दालचिनी असा थाट आहे. म्हणजे तेव्हा हे लोक आमच्यासारखेच जेवत होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलींसाठी गृहकृत्यांच्या शाळा निघाल्या. साधं, स्वस्त आणि पौष्टिक कसं रांधावं हे तिथे इतक्या निष्ठेने शिकवलं गेलं, की दोन पिढ्यांत मसाला पानावरून उठून बिस्किटात जाऊन बसला. जायफळ तेवढं अजून उकडलेल्या फ्लॉवरवर किसतात. जुन्या साम्राज्याची तेवढीच खूण.

भाच्याने विमानतळावरच एक अट घातली होती. कुठल्याही पदार्थाबद्दल ‘हे म्हणजे आपलं’ अशी सुरुवात करायची नाही. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, महिनाभर राहून गेली होती आणि तेवढ्यात तिने सगळा हॉलंड देश ‘आपला’ करून टाकला होता. माझ्या बायकोने अट मान्य केली. आल्बर्ट काउपच्या बाजारात लोखंडी साच्याच्या खळग्यांत फुगणारे, लोण्यात आणि पिठीसाखरेत लोळवलेले पोफर्त्येस पाहून ती ‘अहो, हे म्हणजे आ...’ इथपर्यंत आली आणि भाच्याकडे पाहून पुढचं पिठीसाखरेसकट गिळली.

बायको शाकाहारी. तिचे हाल होतील या काळजीने तिने मुंबईहून मेतकूट, खाकरे आणि थालिपिठाची भाजणी आणली होती. हाल झाले ते मेतकुटाचे, कारण ते बॅगेतच राहिलं. तिचं पहिल्या सकाळीच चीजच्या दुकानात जमलं. लायडनच्या चीजमध्ये जिरं असतं. फ्रीसलँडच्या चीजमध्ये लवंग असते. दुकानदार काउंटरवरून पातळ काप पुढे करत होता आणि ती प्रत्येकाला ‘अजून एकदा बघते हं’ म्हणत होती.

दुपारी डच माणूस जेवत नाही, पाव खातो. पावाचे दोन काप, मध्ये चीज, सोबत पेलाभर ताक. हे झालं हापिसातल्या मोठ्या साहेबाचं. त्याहून मोठा साहेब असेल तर तो पावावर चॉकलेटचे दाणे घालतो. याला हाखलस्लाख म्हणतात आणि याचं शास्त्र आहे. लोणी पावाच्या कडेपर्यंत लावायचं, कारण दाणे लोण्यालाच चिकटतात. मग खोका हलवत एकसारखा थर द्यायचा, सुरीच्या पात्याने हलकेच दाबायचा आणि ताटलीवर ओणवं होऊन खायचं. निसटलेले दाणे ओल्या बोटाने टिपायचे. एका बँकेतले वयस्कर गृहस्थ टाय बांधून, गंभीर चेहऱ्याने हे करताना मी पाहिले. जगभर हे पाचव्या वाढदिवसाला खातात; इथे निवृत्तीपर्यंत.

आता हेरिंग. हा विषय मी घाईत उरकणार नाही.

मे महिन्यापासून हेरिंगच्या अंगावर चरबी चढते आणि जूनच्या सुमाराला नव्या हंगामाचा मासा बाजारात येतो. पहिल्या पिंपाचा लिलाव होतो, पैसे धर्मादाय कामाला जातात, स्खेवेनिंगनच्या बंदरात झेंडे लागतात. आम्ही गेलो शरदात, पण मासा तेव्हाही मिळतो. कालव्याच्या पुलावर गाडा, वर झेंडा, आत पांढऱ्या एप्रनमधला माणूस. त्याने मासा उचलला, सुरीचं टोक पोटात घातलं, एका ओढीत आतलं सगळं बाहेर, दुसऱ्या ओढीत काटा बाहेर, शेपटीशी दोन्ही बाजू जोडलेल्या. मासेवाली कशी कापते हे पाहत मी वाढलोय, त्यामुळे हाताला दाद द्यायला मी कमी करत नाही. या माशाला शिजवत नाहीत. कल्ले काढून मिठात मुरवतात आणि कृमींच्या भीतीने एकदा गोठवतात, बस. मुरवताना स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात, त्याच्या रसाने मांस मऊ पडतं.

इतरत्र शेपटीला धरून, मान मागे टाकून मासा घशात सोडायची रीत आहे. ॲमस्टरडॅमकर तो तुकडे करून, बारीक चिरलेला कांदा आणि काकडीचं लोणचं घालून, झेंडा लावलेल्या काडीने खातात. मी शहराच्या रीतीने खाल्ला. ना नारळ, ना कोकम, ना तिरफळ, ना आगीशी ओळख. आणि उत्तम! लोण्यासारखा मऊ, खारट, मागाहून किंचित गोडसर. बायको पुलाच्या पलीकडे उभी राहून कालव्यातली बदकं मोजत होती. मी दुसरा मागवला. हे वेंगुर्ल्यात आईला सांगायची सोय नाही, असं भाच्याला बजावून ठेवलं.

फेबो नावाच्या दुकानात भिंतीला छोटी छोटी काचेची दारं असतात आणि प्रत्येक दाराआड एक गरम क्रोकेट बसलेला असतो. पैसे भरा, दार ओढा, खा. हे दुकान 1941 मध्ये एका बेकरीवाल्याने काढलं आणि फर्डिनांड बोल नावाच्या रस्त्यावरून त्याचं नाव पडलं. भिंतीमागे कोणी तरी तळत असतं, पण ते दिसत नाही आणि कोणाशीही बोलावं लागत नाही. बायकोने तिथे तळलेल्या चीजचा चौकोन घेतला. त्याच्या आत लाव्हा असतो हे तिला मी सांगायच्या आत कळलं.

पाइलस्टेख या बोळात 1679 पासूनचं विनांड फोकिंक हे येनेवर या डच दारूचं दुकान आहे. पेला इतका काठोकाठ भरतात, की उचलायची सोय नसते. पहिला घोट हात न लावता, काउंटरवर कमरेत वाकून घ्यावा लागतो. देवळातही ज्याची कंबर वाकत नाही अशा मला त्यांनी वाकवलं. बायकोने फोटो काढून ‘अखेर’ एवढंच लिहून बहिणीला पाठवला.

व्हॅन गॉखच्या संग्रहालयात आम्ही ‘बटाटे खाणारे’ पाहायला गेलो. 1885 चं चित्र. एक दिवा, पाच माणसं, मध्ये बटाट्याचं ताट. डच जेवणाची यापेक्षा खरी जाहिरात नाही. बायको बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, रंग पाहतेय. ‘अहो,’ ती हळूच म्हणाली, ‘एवढ्या माणसांत एकच भाजी? आणि वर कॉफी?’

3 ऑक्टोबरला भाच्याने आम्हांला लायडनला नेलं. 1574 मध्ये स्पॅनिश फौजेने या शहराला वेढा घातला होता. लोक उपासमारीने मरत होते. शेवटी डचांनी आपलेच बांध फोडले, शेतांत पाणी शिरलं, स्पॅनिश पळाले आणि बंडखोरांचं आरमार होड्यांतून हेरिंग आणि पांढरा पाव घेऊन आलं. दंतकथा अशी, की एका पोरक्या मुलाला शत्रूच्या सोडून दिलेल्या छावणीत अजून गरम असलेलं पातेलं सापडलं. त्यात होतं हुत्सपॉट. म्हणून आजही त्या दिवशी तिथे हेरिंग-पाव वाटतात आणि घरोघर हुत्सपॉट होतं: गाजर, कांदा, बटाटा, सगळं चेचून. त्या मूळ पातेल्यात बटाटा असणं शक्य नाही, तेव्हा तो या देशात रुळलाच नव्हता; पार्सनिपची मुळं असावीत. पण हे तिथे मोठ्याने बोलू नये. शत्रूचं उष्टं राष्ट्रीय पक्वान्न करणारा दुसरा देश मला माहीत नाही आणि मला ही गोष्ट फार आवडली.

भाच्याने एक दिवस सुट्टी म्हणून सुरिनामी खानावळीत नेलं. 1873 मध्ये ‘लाला रूख’ नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरिनामला पोचलं. पुढच्या चार दशकांत तिथे चौतीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी पुष्कळ जण हॉलंडला आले. ताटात रोटी, पिवळा बटाटा, चवळीच्या शेंगा, अंडं. शेजारी उडदाचा बारा, भोक पाडलेला, वर झणझणीत चटणी. बायकोने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने मान हलवून परवानगी दिली. ‘हे म्हणजे आपला वडाच,’ ती सुस्कारा टाकून म्हणाली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं दहा मिनिटं बोलली.

आणि शेवटी रोझनग्राख्तवरचं ‘मूडर्स’. डच माणसाला जर घराबाहेर आईच्या हातचं खायचा संकोच वाटत असेल, तर हॉटेलातच आया आणून बसवाव्यात, असा विचार कोणी तरी केला. 1990 मध्ये उघडताना मालकांनी पाहुण्यांना आपापली ताटली आणि काटे-चमचे घेऊन यायला सांगितलं, म्हणून तिथे एका टेबलावरही सारखी भांडी दिसत नाहीत. भिंती जमिनीपासून छतापर्यंत आयांच्या फोटोंनी भरलेल्या: टोप्यांतल्या, चष्म्यातल्या, लग्नातल्या, समुद्रकिनारी वाऱ्याने केस उडालेल्या. लोक आपापल्या आईचा फोटो आणून देतात. इतक्या आया रोखून पाहत असताना पानात टाकायची हिंमत होत नाही.

मी बुरनकोल स्टाम्पपॉट मागवला: केलची पानं आणि बटाटा एकत्र चेचलेला, वर धुरावलेला जाडजूड सॉसेज. बायकोने सॉसेजविना. ढिगाच्या मधोमध चमच्याने खड्डा करायचा, त्यात रस्सा ओतायचा आणि बांध न फुटू देता कडेकडेने खात यायचं. समुद्र अडवायचं शिक्षण या देशात मुलांना ताटातच मिळत असावं. माझा बांध पश्चिमेकडून फुटला. पण जेवण? बाहेर पाऊस, आत हे गरम, जड, निरुपद्रवी, पोटाला कुशीत घेणारं प्रकरण. मी चाटूनपुसून खाल्लं.

इथे जेवायची वेळ संध्याकाळी सहाची. तिचा एक फायदा असा, की वेंगुर्ल्यात तेव्हा साडेनऊ होतात, आईची मालिका नुकतीच संपलेली असते. भाच्याने व्हिडिओ कॉल लावला. ‘आजी, तुझा एक चांगला फोटो पाठव. इथे भिंतीवर लावूया.’

‘कित्याक?’ आईने विचारलं. भाच्याने फोन फिरवून भिंती दाखवल्या, रीत समजावली. आईला पटलं. कोणता फोटो द्यावा याचा विचारही सुरू झाला. नऊवारीतला की काशीयात्रेतला. फोन फिरता फिरता बायकोच्या ताटावर आला.

‘ह्यां काय रे?’

‘बटाटे गे, आये. पालो घालून चेचलेले.’

‘इतक्या लांब जावन बटाटे खातंस?’ आई फोनच्या अगदी जवळ आली. तिचा एक डोळाच दिसायला लागला. ‘मीठ तरी घातल्यानी?’

‘घातल्यानी.’

ती थोडा वेळ ताटाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘माझो फोटो थंय लावू नको हां. लोकांका वाटात, ह्यां मियाच रांधलंय.’