पर्शियनवाले काका

पर्शियन मांजर पाळणारा माणूस ओळखायला मांजर दिसावं लागत नाही. त्याची काळी पँट पुरते. गुडघ्यापासून खाली तिच्यावर पांढऱ्या केसांचा थर असतो आणि तो झटकणं त्याने केव्हाच सोडून दिलेलं असतं. लग्नाला निघताना रुमालाबरोबर खिशात चिकट रोलर टाकायचा आणि मंगल कार्यालयाच्या दारात स्वतःवरून फिरवायचा, एवढीच त्याची तयारी. तरी मंगलाष्टकं चालू असताना एखादा केस त्याच्या खांद्यावरून सुटतो आणि पंख्याच्या वाऱ्यावर मठ्ठ्याच्या दिशेने जातो.

असे एक काका बहुतेक सोसायट्यांत असतात. मांजर त्यांनी आणलेलं नसतं. मुलीने आणलेलं असतं, पहिल्या पगारात, आणि 'या घरात एक तर मांजर राहील नाही तर मी' असं काका तेव्हा म्हणालेले असतात. मग मुलीला बंगळुरूला नोकरी लागते, तिथला घरमालक प्राणी चालवून घेत नाही, आणि काका व मांजर दोघंही त्याच घरात राहतात. सुरुवातीला 'त्याला कोणीतरी खायला घाला रे' असा त्रयस्थ सूर असतो. पुढे कधीतरी जिन्यात गाठून ते पडेल चेहऱ्याने सांगतात, 'कोको आज नीट जेवली नाही हो.' तिथे समजायचं, काका कामातून गेले.

कोकोचं वर्णन काका स्थळ सांगितल्याच्या थाटात करतात. बांधा ठेंगणा, पाय आखूड पण भक्कम. डोकं गोल, गाल भरलेले. कान लहान, टोकाला गोलसर, दोन्हींत चांगलं अंतर. डोळे मोठे, तांब्याच्या रंगाचे. शेपूट आखूड पण झुपकेदार. स्वभाव शांत, आवाज हळू, बाहेर जाण्याची हौस नाही. ऐकणाऱ्याच्या तोंडावर 'पत्रिका बघता का?' येतं, पण कोणी विचारत नाही, कारण काकांनी ती काढून दिली तर काय घ्या! वजन जेमतेम चार किलो. दिसतं त्याच्या दुप्पट. अंघोळीत भिजल्यावर खरी कोको केवढीशी आहे ते कळतं, म्हणून त्या वेळी घरच्यांखेरीज कोणी यायचं नाही अशी ताकीद आहे.

खरा सोहळा विंचरण्याचा. सकाळचा चहा झाला की गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं जातं, त्यावर कोको, समोर पाटावर काका. हातात स्टीलची फणी, एक रुंद दातांची, एक बारीक. हिच्या अंगावर केसांचे दोन थर: आत दाट मऊ लव, वर लांब सरळ केस. दोन दिवस खाडा झाला की कानामागे, काखेत, मागच्या पायांशी गाठी धरतात आणि त्यांच्या जटा होतात. 'गाठीला कात्री लावायची नाही,' काका बोट उंचावून सांगतात. 'कातडी पातळ असते, गाठीबरोबर वर येते. बोटांनी सोडवायची.' पस्तीस वर्षं बँकेत गेलेला हा माणूस घरातल्या चार्जरच्या वायरचा गुंता बघून खेकसायचा. आता तोच अर्धा तास एका गाठीशी बसतो. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर फणीला काम उरलेलं नाही, हेही एक कारण असेल. काकूंचं म्हणणं वेगळंच आहे. 'माझे इतकी वर्षं गळले, कोणी ढुंकून बघितलं नाही. हिचे डबीत भरून डॉक्टरांना दाखवून आणले.'

मांजराच्या गरीब स्वभावाचे दाखले तर ऐकत बसावेत. एकदा गॅलरीतून कबुतर आत आलं, दिवाणखान्यात फिरलं, कोकोच्या वाटीतलं खाणं टिपून निघून गेलं. कोको बघत होती. झुरळ समोरून गेलं की ती पाय आवरून त्याला वाट देते. 'हिंसा रक्तातच नाही,' काका म्हणतात. खाली पार्किंगमधला एककानी बोका ऐन उन्हाळ्यात उंदीर मारून सोसायटीच्या गाड्यांच्या वायरी वाचवतो. त्याचं नाव निघालं की काका नाक मुरडतात. मला विचाराल तर पगार बोक्याला मिळायला हवा. पण हेही खरं की कोकोची शांती फुकट होत नाही. ती फरशीवर पसरलेली असते तेव्हा एसी चालू असतो, पंखा एकवर असतो, मिक्सर बंद असतो आणि काका डोळ्यांच्या कडा पुसायला कोमट पाण्याचा कापूस घेऊन उभे असतात. एवढी बडदास्त ठेवली तर मीही कबुतराला काही बोलणार नाही.

निवृत्त माणसाच्या हाती मोबाईल आला की इतिहास आलाच. रोमचा प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले याने 1620 च्या सुमारास इराणमधून खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांबद्दल लिहिलं, हे काका दुधाच्या रांगेतही सांगतात. तो पुढे सुरतेला उतरला, गोव्यातही राहिला, आणि वाटेत वारलेल्या बायकोचं शव जपून रोमपर्यंत घेऊन गेला. 'याला म्हणतात प्रेम!' काका. 'आम्हाला जिवंतपणी गाणगापूर दाखवलं नाही कोणी,' काकू, आतून. मग 1871 सालचं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मांजरांचं प्रदर्शन येतं आणि काकांची मान ताठ होते. मुलीने मात्र एकदा घात केला. 2008 च्या एका जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन मांजरं इराणच्या बाजूच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपच्या मांजरांना जवळची निघाली, हे तिने फोनवर सांगितलं. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'म्हणजे कोको फॉरिनची. मी म्हणतच होतो.' जेम्स बाँडवर त्यांचा राग कायम आहे. 1963 च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये खलनायकाच्या मांडीवर असलंच पांढरं मांजर बसवलं, ही त्यांच्या मते जातीची उघड बदनामी.

हेच काका पूर्वी सोसायटीच्या वार्षिक सभेत टँकरच्या बिलावरून असे गरजायचे की शेजारच्या सोसायटीचेही हिशेब तपासले जायचे. आता ते हळू बोलतात. घरात आवाज चढला की कोको पलंगाखाली जाते आणि रात्रीपर्यंत बाहेर येत नाही, त्यामुळे आवाजाची सवयच मोडली. टीव्हीवरच्या चर्चा बंद झाल्या. दिवाळीत लक्ष्मीपूजनानंतर काका खिडक्या लावून तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग सुरू करतात आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसतात. सेक्रेटरींचं मत आहे की सोसायटीच्या खर्चाने आणखी चार-पाच सभासदांना मांजरं द्यावीत.

एकाच विषयावर त्यांचा जुना आवाज परत येतो. बाजारात 'डॉल फेस', 'पंच फेस', 'ट्रिपल कोट' अशा नावांनी पिल्लं विकतात, आणि चेहरा जितका चपटा तितका भाव जास्त. काचेला नाक दाबून उभ्या राहिलेल्या पोरासारखा तो चेहरा फोटोत गोड दिसतो. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने 'आम्ही पंच फेसच घेणार' म्हटलं आणि काका लिफ्टमध्येच गरजले. 'नाकच आत दाबलंय, तर श्वास कुठून घेणार? अश्रूंची नळी वाकडी, म्हणून डोळे सतत वाहणार. जेवताना धाप. तुम्हाला मांजर हवंय की उशीचा अभ्रा?' तळमजला येईपर्यंत दोघांचे चेहरे उतरले होते. वर या जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक रोग आढळतो आणि त्याला आई-बापांपैकी एकाकडून आलेलं जनुक पुरतं, हेही काकांनी त्यांना सोडताना ऐकवलं.

तेव्हा तुमच्या मनात पर्शियन घ्यायचं असेल तर आधी त्यांच्याकडे जा. ते सांगतील ते असं: चेहऱ्याला नाक असलेलं पिल्लू घ्या, आई-बापांच्या मूत्रपिंडांची तपासणी झालीय का विचारा, कागद बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि रोज अर्धा तास विंचरायला वेळ नसेल तर खालच्या बोक्याला दूध घाला. फक्त रविवारी सकाळी जाऊ नका. रविवारी अंघोळ असते.