ऑर्केस्ट्रातला टांगारू

टांगारू हा मराठी ऑर्केस्ट्राचा कायमस्वरूपी घटक आहे. कार्यक्रमाला न येणाऱ्या वादकाला टांगारू म्हणत नाहीत. तो नुसता गैरहजर असतो आणि गैरहजर माणसाची काहीतरी सोय करता येते. टांगारू येतो. केव्हा येईल, कुठून येईल, वाद्य बरोबर असेल की नाही आणि कोणत्या गाण्याच्या कितव्या अंतऱ्याला उगवेल, एवढेच सांगता येत नाही. साधारणपणे प्रत्येक ऑर्केस्ट्रात असा एक असतो. दोन असतील तर ऑर्केस्ट्रा टिकत नाही. एकही नसेल तर त्या ऑर्केस्ट्राला अजून पुरेशा सुपाऱ्या मिळत नाहीत असे समजावे.

वाद्य जेवढे आटोपशीर, तेवढा वादक उशिरा, हा या क्षेत्रातला ढोबळ नियम. कीबोर्डवाल्याला स्टँड, पेडल, अ‍ॅडॅप्टर आणि पिना घेऊन साउंडवाल्याच्या आधी हजर व्हावे लागते. ड्रमसेट जुळवायला वेळ जातो, शिवाय रिकामा ड्रमसेट मागच्या रांगेतूनही दिसतो, त्यामुळे ड्रमरला लाजेकाजेने यावेच लागते. गायक तर सर्वांत आधी येतात. त्यामागे वक्तशीरपणा नसतो, गाण्यांचा क्रम ठरताना आपण तिथे असावे एवढाच हिशेब असतो. उरतात ढोलकीवाला आणि बासरीवाला. बासरीवाल्याचा सगळा संसार खांद्यावरच्या एका पिशवीत मावतो. ढोलकी रिक्षात मांडीवर बसते. आपण पोचलो की लगेच वाजवू शकतो, ही या दोघांची श्रद्धा असते, आणि ती पूर्ण खोटी नसल्यामुळेच धोकादायक असते. पैकी बासरीवाल्यावाचून एक वेळ भागते, कारण कीबोर्डात बासरीचा टोन असतो. लावणी मात्र ढोलकीवाचून उभी राहत नाही. म्हणून खरा टांगारू ढोलकीवर सापडतो.

हा प्राणी जुना नाही. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते. ते कंपनीचे पगारी लोक होते. नाटक कंपनीचे बिऱ्हाड गावोगाव एकत्र हिंडे, जेवणखाण कंपनीकडे असे. ज्याचे रात्रीचे ताट कंपनीच्या मुदपाकखान्यात वाढले जाते तो प्रयोगाला उशिरा येऊ शकत नाही, कारण तो मुळात कुठे गेलेलाच नसतो. पुढे मुंबईच्या सिनेसंगीतात मोठमोठे वाद्यवृंद बसू लागले. त्यांतले अनेक वादक, विशेषतः गोव्याहून आलेले, कागदावरचे नोटेशन वाचून वाजवत. तिथे एखादा व्हायोलिनवाला आला नाही तर खुर्ची रिकामी पडे, पण त्याचा कागद स्टँडवर राही आणि दुसरा कोणी तो वाचू शके.

ऑर्केस्ट्रात यांतले काहीच नाही. पगार नाही, ‘नाइट’ आहे. ज्या रात्री वाजवाल त्या रात्रीचे पैसे, बाकी महिनाभर तुम्ही आणि तुमची ढोलकी. कागदही नाही. कुठल्या ओळीनंतर ठेका तोडायचा, कुठे रिकामी मात्रा सोडायची, गायिका काळी चारमध्ये गाताना कोणती ढोलकी चढवायची, हे सगळे वादकाच्या डोक्यात असते. तो आला नाही की ते डोकेही येत नाही. मालकाला हे ठाऊक असते, आणि मालकाला ठाऊक आहे हे वादकालाही.

त्यात पंचांगाची भर पडते. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत शहरातल्या प्रत्येक मंडळाला ऑर्केस्ट्रा हवा असतो आणि तोही शनिवारीच. नवरात्रात दांडियावाले नऊ रात्री सलग बांधून घेतात. मग दिवाळी पहाट, एकतीस डिसेंबर, लग्नसराईतल्या हळदी, १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम. एका शनिवारी तीन फोन आले आणि पुढचे तीन शनिवार एकही नाही, अशी ज्याची कमाई असते तो पहिल्याला ‘हो’ म्हणतो, दुसऱ्याला ‘बघतो’ म्हणतो आणि तिसऱ्याने नाइट जास्त सांगितली की त्यालाही ‘हो’ म्हणतो. टांगारूपणाचा बराचसा भाग या साध्या हिशेबात आहे, उरलेला स्वभावात. पितृपंधरवड्यात सुपाऱ्या नसतात. त्या पंधरा दिवसांत मालकाने सरावाला बोलावले तर टांगारू सर्वांच्या आधी येऊन सतरंजी अंथरतो, चहा सांगतो आणि इतरांच्या उशिरा येण्याबद्दल नाराजी दाखवतो.

कार्यक्रमाच्या दिवशी टांगारूचे आगमन ठराविक टप्प्यांनी होते आणि ते सगळे फोनवर घडतात. पहिला टप्पा ‘निघालोय दादा’. या वेळी तो आंघोळीला निघालेला असतो. दुसरा टप्पा ‘नाक्यावर आहे’. नाक्याचे नाव तो सांगत नाही. विचारले तर आवाज तुटू लागतो. तिसरा टप्पा ‘पार्किंग शोधतोय’. त्याच्याकडे गाडी नाही हे मालकाला फोन ठेवल्यावर आठवते. त्यानंतर नुसती रिंग वाजते, मग तीही बंद होते. मुंबई-ठाण्याकडे या यादीत मेगाब्लॉकची सोय आहे. रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा ते मुलुंड ब्लॉक अनेकदा असतो, त्यामुळे ही सबब निम्मी खरी असते आणि म्हणूनच अनुभवी टांगारू ती जपून वापरतो. नवशिके ती उधळतात. हा ब्लॉक बहुधा दुपारी चारच्या सुमारास संपतो. नवशिक्याचा रात्री आठलाही चालूच असतो.

व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आल्यावर टांगारूंचे दिवस भरले असे अनेक मालकांना वाटले होते. पण त्याच ॲपमध्ये नकाशावरची हवी ती जागा निवडून पाठवण्याचीही सोय आहे. टांगारू नाट्यगृहाची खूण पाठवतो आणि खाली ‘पोचलोच’ लिहितो. मालक नाट्यगृहाच्या पायरीवर उभा राहून ती खूण पाहतो. दोघेही एकाच ठिकाणी असल्याचे नकाशा सांगतो. पायरीवर मात्र एकटा मालक असतो.

रंगमंचावर तोवर बाकीचे लोक कार्यक्रम रेटत असतात. सर्वांत मोठा भार निवेदकावर येतो. निवेदकाकडे साधारण प्रत्येक गाण्यामागे दोन मिनिटांचा मजकूर असतो. टांगारूच्या ऑर्केस्ट्रातल्या निवेदकाला तो पंधरा मिनिटांपर्यंत ताणता येतो: गीतकाराचे बालपण, संगीतकाराचे बालपण, मग मंडळाच्या अध्यक्षांचे बालपण. गाण्यांचा क्रमही हळूच बदलतो. लावण्या मध्यंतरापलीकडे जातात आणि पूर्वार्धात भावगीते व गझला इतक्या दाटीने येतात की कार्यक्रम गणपतीचा आहे की शोकसभेचा, असा प्रश्न पहिल्या रांगेला पडावा. गिटारवाला ऑक्टोपॅडवर केरवा धरायला शिकलेला असतो, कोरसमधली मुलगी खुळखुळा सांभाळते. टांगारूच्या सहवासात इतकी वर्षे काढलेली मंडळी पुढे कुठल्याही ऑर्केस्ट्रात दोन-तीन माणसांचे काम करू शकतात. या शिक्षणाचे श्रेय त्याला कोणी देत नाही.

पूर्वी एवढ्यावर निभावत असे, कारण उशिरा सुरू झालेला कार्यक्रम उशिरा संपवता येई. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी झाली. सणासुदीसाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. बाकीच्या दिवशी दहाच्या ठोक्याला हवालदार मिक्सरपाशी येऊन उभा राहतो. म्हणजे टांगारूचा अर्धा तास आता शेवटाला जोडता येत नाही. तो गाण्यांतून कापला जातो आणि कापली जाणारी गाणी बहुधा नवोदित गायकांची असतात.

मग टांगारू येतो. विंगेतून, चालू गाण्यात, घामाने डबडबलेला, बगलेत ढोलकी. रंगमंचाला हात लावून तो कपाळाला लावतो. ही त्याची श्रद्धा खरी आहे. तिच्याबद्दल शंका घेऊ नये. भाद्रपदातल्या दमट हवेने पुडी उतरलेली असते, तेव्हा तो माइकसमोरच पाना फिरवून आणि टिचक्या मारून ती चढवतो. इकडे गायिका विरहाचे गाणे म्हणत असते. बदललेला क्रम त्याला माहीत नसतो. पुढचे गाणे कोणते, हे तो भुवईने विचारतो, कीबोर्डवाला हनुवटीने उत्तर देतो, आणि या खाणाखुणांत एखादे वेळी भक्तिगीतावर लावणीचा उठाव पडतो.

आणि मग तो वाजवायला लागतो. सगळी अडचण इथेच आहे. टांगारू वाईट वादक असता तर हा विषय पहिल्याच गणपतीत संपला असता. पण त्याच्या हातात ती चीज असते. लावणीच्या मधल्या तुकड्यात तो असा काही सवाल टाकतो की एवढा वेळ मोबाइल पाहणारे लोक शिट्ट्या मारू लागतात. गायिकेच्या आवाजात बळ येते. अर्ध्या तासापूर्वी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला ड्रमर मान डोलावतो. मुखड्यावर येताना तो समेवर असा अचूक उतरतो, की ज्याला घड्याळ कळत नाही त्याला मात्रा कशा कळतात हे कोडे पडावे. कार्यक्रम संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष मालकाला बाजूला घेऊन सांगतात, ‘पुढच्या वर्षी तो ढोलकीवाला मात्र पाहिजे हं.’ साडेसहापासून वायरी जोडणाऱ्या कीबोर्डवाल्याबद्दल अध्यक्ष काही बोलत नाहीत. तो तिथेच वायरी गुंडाळत असतो. टांगारू हे ऐकायला हजर नसतो. पसायदानाला वाद्य लागत नाही हे पाहून तो दुसऱ्या कार्यक्रमाला निघून गेलेला असतो.

मालकांनी यावर उपाय करून पाहिलेले आहेत. सर्वांत प्रचलित उपाय खोट्या वेळेचा. कार्यक्रम आठचा असेल तर टांगारूला सहा सांगायचे. दोन-तीन कार्यक्रमांत तो हे ओळखतो आणि सांगितलेल्या वेळेत आपणच दोन तास मिळवतो. मालक पाच सांगू लागतो. तो तीन मिळवतो. एखाद्या वेळी मालक कंटाळून खरी वेळ सांगतो आणि त्या रात्री मध्यंतर टांगारूवाचून होते. दुसरा उपाय म्हणजे वाद्यांचा टेम्पो त्याच्या दारावरून नेऊन त्याला उचलणे. याने टांगारू वेळेवर येत नाही, टेम्पो उशिरा येतो, आणि त्यात सगळ्यांची वाद्ये असतात. निम्मी नाइट कापण्याचा उपायही होतो. टांगारू ती कपात हसत मान्य करतो, कारण त्या रात्री त्याने दुसरीकडे पूर्ण नाइट घेतलेली असते, आणि जाता जाता पुढच्या कार्यक्रमाचा ॲडव्हान्स मागतो. बहुतेक मालक तो देतात. ॲडव्हान्स घेतलेला माणूस निदान फोन उचलतो, असा एक समज या व्यवसायात आहे. पुराव्याच्या मानाने हा समज फार चिवट आहे.

ट्रॅकवर गाण्याची पद्धत हा अलीकडचा इलाज. लॅपटॉपवर तयार ठेका असतो, तो वेळेवर सुरू होतो आणि नाइट मागत नाही. पण गायक अंतरा विसरला तर ट्रॅक थांबत नाही, ‘वन्स मोअर’ आला तर तो पुन्हा पहिल्यापासून लावावा लागतो आणि लावणीवर नाचणारीने एखादी गिरकी जास्त घेतली तर तिच्यासाठी तिहाई लांबवत नाही. मंडळांनाही तो पुरेसा वाटत नाही; वर्गणी काढून आणलेल्या कार्यक्रमात घाम गाळणारे कोणीतरी दिसावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

राहिला बदली वादक. परदेशात याचे एक गाजलेले उदाहरण आहे. १९७३ साली कॅलिफोर्नियात ‘द हू’ या रॉक बँडचा ड्रमर कीथ मून भर कार्यक्रमात कोसळला, तेव्हा बँडने प्रेक्षकांनाच विचारले आणि स्कॉट हाल्पिन नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने ड्रमवर बसून उरलेली गाणी निभावली. महाराष्ट्रात प्रेक्षकांना असे विचारण्याची गरज पडत नाही. ढोलकीची जागा रिकामी दिसली की मंडळाचे किमान तीन कार्यकर्ते न विचारताच रंगमंचाकडे सरकू लागतात आणि त्यांना आवरायला एक माणूस वेगळा ठेवावा लागतो. शहाणा मालक बदली आधीच हेरून ठेवतो: बहुधा एखाद्या भजनी मंडळातला तरुण, हात स्वच्छ, व्यसन नाही, पाच सांगितले की पावणेपाचला हजर. सुरुवातीला त्याच्या वाजवण्यात ती चीज नसते. पण मिळेल तेव्हा वाजवत राहिल्याने ती येते. वर्ष-दोन वर्षांत लोक त्याच्या तुकड्याला शिट्ट्या मारू लागतात, अध्यक्ष मालकाला बाजूला घेऊन त्याचे नाव काढतात, आणि पुढच्या भाद्रपदात एकाच शनिवारसाठी त्याला तीन फोन येतात. पहिल्याला तो ‘हो’ म्हणतो. दुसऱ्याला ‘बघतो’.