तलासरीच्या हद्दीत न उतरण्याबाबत

प्रति,
सोशेबल लॅपविंग (टिटवी कुळ),
कायमचा पत्ता : उत्तर व मध्य कझाकस्तान.

विषय : डहाणू व तलासरी तालुक्यांत हिवाळी मुक्काम न करणेबाबत.

महोदय, स.न.वि.वि.

आपण हिवाळ्यात भारतात येता ते बहुतेक गुजरात-राजस्थानच्या माळांवर. कच्छचे छोटे रण, वेळावदर ही आपली जुनी ठिकाणे. महाराष्ट्रात आपल्या नोंदी तुरळक. तेव्हा हे पत्र आगाऊ वाटेल. पण तलासरी तालुका गुजरातच्या हद्दीला लागून आहे आणि अच्छाडच्या नाक्यावर फक्त ट्रक थांबवतात. एखादा थवा वाट चुकून वा चारा कमी पडून दक्षिणेला सरकला तर त्याला अडवणारे कोणी नाही. म्हणून आधीच कळवलेले बरे. आपल्याविषयी आमच्या मनात काही नाही. १७७१ मध्ये पालास या निसर्गशास्त्रज्ञाने आपले वर्णन केले, आंतरराष्ट्रीय लाल यादीत आपण 'अतिसंकटग्रस्त' आहात, आणि नष्ट होऊ घातलेल्या पाहुण्याचे आम्हाला कौतुकच असते. अडचण एवढीच, की आपल्याला बसायला जी जमीन लागते ती आमच्या दप्तरी कुणाच्या कामाची म्हणून नोंदलेली नाही.

आपली ही आवड थोडी चमत्कारिकच म्हणायची. संकटात सापडलेल्या पक्ष्याने निबिड जंगलात, माणसापासून दूर राहावे अशी आमची कल्पना. आपण नेमके उलटे. कझाकस्तानात आपली घरटी गावांच्या आसपास, गुराढोरांनी चरून अगदी आखूड केलेल्या गवतात सापडतात. अंडी जमिनीवर, बहुधा चार, आडोसा जवळपास नाहीच. तिथल्या गवताळ प्रदेशावर १९५४ पासून सोव्हिएत सरकारने नांगर फिरवला आणि लाखो हेक्टर पडीक जमीन लागवडीखाली आणली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, सामुदायिक शेते मोडली, जनावरांची संख्या झपाट्याने घटली आणि दूरच्या कुरणांत गवत इतके माजले की आपल्याला पाय ठेवता येईना. मग उरलेली गुरे जिथे चरत होती, त्या गावांच्या कडेला आपण गोळा झालात. तिथे घरटी जनावरांच्या खुराखाली तुडवली जातात हे खरे, पण ती गुरे नसती तर घरटे करायला जागाच राहिली नसती. आपण जगता ते माणसाच्या एका विशिष्ट वागण्यावर: चराई, कापणी, आणि बाकीच्या वेळी दुर्लक्ष. या तिन्हींपैकी एकही गोष्ट कुठल्याही योजनेत बसत नाही. उद्घाटन कशाचे करायचे?

आपली मोजदाद करणाऱ्यांचीही आपण चांगलीच फजिती केलीत. या शतकाच्या सुरुवातीला आपल्या काहीशेच जोड्या उरल्या असाव्यात असा धसका होता. मग उपग्रहाशी जोडलेले चिमुकले यंत्र पाठीवर बांधलेला आपल्यातला एक जण २००७ च्या शरदात तुर्कस्तानात जेलानपिनारला उतरला, आणि त्याच्या मागावर गेलेल्यांना तिथे सुमारे ३,२०० पक्ष्यांचा मेळावा आढळला. पुढे तुर्कमेनिस्तान-उझबेकिस्तान सीमेवर तालिमर्जनच्या परिसरात आणखी हजारो दिसले. वाटेत बंदूकवाले आहेत. सीरिया, इराकमध्ये होणारी शिकार हे आपल्या घटीचे एक मोठे कारण मानले जाते. यातून आमच्याकडे लगेच एक सोयीचा निष्कर्ष निघतो, की गोळी तिकडे सुटते, मग इकडच्या माळाचा हिशेब आम्हाला कशाला? उत्तर अवघड नाही. प्रवासाच्या वाटेवर जो पक्षी आधीच गोळीने कमी होतो, त्याला हिवाळ्यात पोट भरायला जागा मिळाली नाही तर परतीचे काही हजार किलोमीटर तो कशाच्या बळावर उडणार? एका टोकाचे नुकसान दुसऱ्या टोकाला माफ होत नाही, उलट दोन्हींची बेरीज होते. आणि आपण स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहात. या कराराच्या २०२० मधल्या परिषदेचे यजमानपद भारतानेच, तेही गांधीनगरला, मोठ्या थाटात भूषवले. गांधीनगरहून तलासरी फार लांब नाही.

आता आमच्या जमिनीविषयी. डहाणू म्हटले की चिकू आणि समुद्र, तलासरी म्हटले की डोंगर आणि वारली चित्रे, एवढेच बाहेरच्याला ठाऊक असते. पण या टापूचा मोठा इतिहास गवताचा आहे. भाताच्या खाचरांच्या वर जी वरकस जमीन, तिच्यावर पावसाळ्यात कमरेएवढे गवत उभे राहायचे. दिवाळीच्या सुमारास ते कापून, गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे. व्यापार जमीनदार-सावकारांचा, विळा वारल्यांचा. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो लढा दिला त्यात वेठबिगारीइतकाच गवत कापणीच्या मजुरीचा प्रश्न होता: पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये, ही मागणी. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. ज्या गवतासाठी माणसे मेली ते आता 'रिकामे' ठरते, आणि तेही कागदावर. आपल्या दृष्टीने पाहिले तर हीच जमीन फार मोलाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत कापले, मग गुरे सोडली, की जमीन आखूड, कोरडी, किडे-टोळांनी भरलेली आणि चहूकडे नजर जाईल अशी. आपण उत्तरेकडून पोचता तो हाच हंगाम. आदिवासीचा विळा आणि त्याच्या गाई आपल्यासाठी जागा तयार करून ठेवतात, बिनपगारी.

सरकारने आमच्या तालुक्याचे रक्षण केले नाही असे मात्र म्हणू नका. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांच्या जमिनीवर पाचशे एकरांची मर्यादा आली, भोवती २५ किलोमीटरचा पट्टा आखला गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्याने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारले. देशात इतके कागद क्वचितच कुठल्या तालुक्याला लाभले असतील. पण त्या अधिसूचनेने जे जपायला सांगितले त्यात हिरवे पट्टे, बागा, आदिवासी क्षेत्रे यांची नावे आहेत. गवताने 'इतर संवेदनशील क्षेत्रां'त शिरून बसावे, जमल्यास. सातबाऱ्यावर 'गवत'च्या पुढे 'पड' असा शेरा येतो आणि केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळ नापीक जमिनीच्या रांगेत जाऊन बसतो. मग कुणाला तरी त्याची कणव येते आणि तिथे झाडे लावली जातात. वृक्षारोपणाला नाक मुरडले की माणूस निसर्गद्रोही ठरतो, म्हणून सांभाळून लिहितो: उघड्या माळावर लावलेली रोपांची रांग ही आपल्या दृष्टीने नांगराइतकीच वाईट. झाड आले की कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला टेहळणीला फांदी मिळते, आपली नजर अडते, आपण उठून जाता. हवेतला कार्बन शोषायचा असेल तर गवत तो मुळांत, मातीत साठवतेच. फोटोत फक्त ते दिसत नाही.

सर्वांत जोरकस आक्षेप माणसांचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. कझाकस्तानच्या पाखरासाठी तलासरीच्या पोराने रोजगार सोडायचा का? प्रश्न रास्त आहे, फक्त चुकीच्या माणसाला विचारला जातो. बुलेट ट्रेन आणि मुंबई-बडोदे द्रुतगती मार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातात. आधी नाकारलेल्या त्याच वाढवण बंदराला प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये परवानगी दिली आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाला मंजुरी दिली. यांतल्या एकाही निर्णयाआधी टिटवीला विचारले गेले नाही. ज्यांनी विरोध केला त्यांत मच्छीमार होते, बागायतदार होते, आदिवासी होते. गुरचरण गेले की आधी गुरे विकली जातात आणि मग विळा गंजतो. आपला क्रमांक त्यानंतरचा. विकासाच्या विरोधात पक्षी उभा आहे हे चित्र काढणाऱ्यांना चराईवाला आणि पक्षी एकाच बाजूला उभे असलेले दिसत नाहीत, कारण दोघांकडेही जाहिरातीचा फलक नाही.

आपल्याला हवे ते खर्चिक तर अजिबात नाही. अभयारण्याचे कुंपण नको, ते आलेच तर पहिली बंदी गुरांना होईल आणि गवत पुन्हा माजेल. हवी आहे ती ग्रामसभेच्या ताब्यातली गुरचरण जमीन गुरचरणच राहण्याची हमी, कापणीला बरा भाव, वणव्याला आळा, आणि पिकांवर थोडी कमी औषध-फवारणी. अडचण हीच. एवढ्या स्वस्त उपायाला निविदा निघत नाही.

या सर्व कारणांस्तव आपण यंदा गुजरातेतच थांबावे हे उत्तम. तरीही उतरलातच तर डोक्यावरची ती लांब पांढरी भुवई, जी मागे मानेवर जाऊन मिळते, ती स्पष्ट दिसेल असे उभे राहा. नाहीतर कुणीतरी साधी टिटवी समजून पुढे जाईल, आणि नोंद झाली नाही म्हणजे आपण आला नव्हता असे आम्ही अधिकृतरीत्या धरून चालू.

कळावे,
आपला,
एक करदाता

ता. क. : ही नोटीस पिवळ्या गाठीच्या माळटिटवीलाही लागू समजावी. ती बारा महिने इथेच राहते आणि उघड्या माळावरच अंडी घालते, त्यामुळे तिच्या बाबतीत हिवाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.