फायबरभाऊ

फायबरभाऊंचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त लाइटबिलावर येतं. कानामागे पेन्सिल, दोन्ही कोपरांपर्यंत खाजवून लाल झालेले हात आणि तोंडी एकच मंत्र, ‘‘बसी जाई!’’ बॉनेट दोन इंच वर राहिलंय? बसी जाई. दार लागत नाही? बसी जाई. लागलेलं दार उघडत नाही? तेही बसी जाई.

जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात घरी फायबरची गाडी बनवणारा माणूस गॅरेजवाला नसतो आणि इंजिनिअर तर नसतोच. तो बहुधा चटईच्या नाहीतर पाइपच्या कारखान्यातून रिटायर झालेला सुपरवायझर असतो. ‘‘अख्खं जळगाव प्लास्टिकवर जगतं. मी फक्त त्यात काच घातली,’’ असं आमचे भाऊ सांगतात, आणि शास्त्र म्हणून ते चुकीचंही नाही.

भाऊंकडे पूर्वसूरींची यादी तयार असते. 1953 ची अमेरिकन कॉर्व्हेट फायबरची होती. 1982 मध्ये बंगळूरच्या सिपानींनी काढलेली डॉल्फिनही फायबरचीच. घरी गाडी बनवायचं म्हणाल, तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ बनवली होती. आणि अलीकडचे देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार! त्यांनी भंगारातून जीप उभी केली आणि आनंद महिंद्रांनी बदल्यात नवी बोलेरो दिली. ही गोष्ट सांगताना भाऊंचा आवाज हळू होतो. ‘‘मला तसली आशा नाही. पण दिलीच तर बोलेरो नको म्हणेन. थार असेल तर बघू.’’

भाऊंनी जुनी मारुती 800 घेतली आणि तिच्यावर चढवायला वरातीतल्या ‘विंटेज’ गाडीसारखी दोन सीटची फायबर बॉडी आणली. पहिल्याच दिवशी ग्राइंडरने मारुतीचं छप्पर कापलं. पण मारुतीला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची पेटी हीच तिची हाडं. छप्पर उतरल्याबरोबर गाडी कमरेत खचली आणि दारं जागच्या जागी आवळली. भाऊ दारावरून चढून बाहेर आले आणि धुळ्याला मेहुण्यांना फोन लावला. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकची हाडं बसवणारे तिथे भेटतात. मेहुणे एक वेल्डर घेऊन आले. त्याने चौकोनी पाइपाचा सांगाडा ठोकून दिला आणि जाताना म्हणाला, ‘‘दाजी, आता हिला हात लावू नका.’’

आता बॉडी. मारुतीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर 2175 मिलिमीटर, आणि बॉडीचा साचा कुठल्यातरी लांब गाडीवरून काढलेला. पुढचं चाक कमानीत आलं की मागचं चार इंच पुढे दिसायचं. पत्र्याचा माणूस इथे हात टेकतो. पत्रा तोंडावर नाही म्हणतो. फायबर कधीच नाही म्हणत नाही, आणि भाऊंचं तिथेच जमतं. मागची कमान कापली, पुढे सरकवली. कडा घासून उतरत्या केल्या, आतून काचेच्या धाग्यांची मॅट लावून रेझिन पाजलं, ब्रशने बुडबुडे दाबून काढले. बाहेरून लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. कमान बसली! मात्र आता दार तिच्यावर घासू लागलं. दार कापलं, तर बिजागरी सरकली. बिजागरी सरकवली, तर काच तिरकी. दरवेळी जिथे कापलं तिथे नवं फायबर चढायचं, आणि गाडी दिवसेंदिवस अंगाने भरत चालली. डाव्या बाजूचं मडगार्ड आता उजव्यापेक्षा जाड आहे. ‘‘ड्रायव्हर उजवीकडे बसतो ना,’’ भाऊ म्हणतात, ‘‘तोल नको का?’’

खरा वैरी जळगावचा मे महिना. रेझिनमध्ये एक-दोन टक्के हार्डनर घातलं की ते घट्ट व्हायला लागतं, आणि पारा 44 वर असला की ब्रश बुडवेपर्यंत मगातच दगड. असे ब्रश रोवलेले सात-आठ मग ओसरीवर मांडलेले आहेत. पाहुण्यांना ते बक्षिसं वाटतात. म्हणून भाऊ पहाटे चारला उठून कामाला लागतात. रेझिनमध्ये घालायचं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतलं तर भडका उडतो, हे ते प्रत्येक लहान मुलाला थांबवून सांगतात. पण साच्यातून काढलेलं कोवळं बॉनेट उन्हात ठेवू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. गच्चीवर खाटेवर टाकलेलं बॉनेट संध्याकाळपर्यंत वाकून थेट केळं झालं. त्याच गच्चीवर वहिनींच्या बिबड्या वाळत होत्या. त्यांच्यावर पॉलिशची पांढरी धूळ बसली आणि त्या वर्षीचं वाळवण सगळं फेकावं लागलं. वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या, तेव्हा गच्चीला कुलूप लागलं.

‘‘भाऊ, आरटीओचं काय?’’ मी एकदा विचारलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. एमएच 19 ची जुनी पाटी फडक्याने पुसली आणि म्हणाले, ‘‘रस्त्यावर कोण नेतंय? मळ्यात चालवू.’’ मळा मेहुण्यांचा, धुळ्याला. तिथे जायचं कशावरून, हा प्रश्न मी विचारला नाही.

पण कॉलनीत कोणाचाही कूलर तडकू दे, शाळेची घसरगुंडी चिरू दे, गणपतीच्या देखाव्यातला हत्ती सोंडेतून तुटू दे, वस्तू भाऊंच्या अंगणात येते आणि दुसऱ्या दिवशी अशी परत जाते, की तड कुठे होती ते मालकालाही सापडत नाही. पैसे घेत नाहीत. जेवढं चुकून शिकले, तेवढं सगळं लोकांच्या कूलरना लागलंय. स्वतःच्या गाडीपुढे उभे राहिले, की मात्र त्यांना नवीन काहीतरी सुचतं.

मेहुण्यांच्या मुलाच्या लग्नात नवरदेव याच गाडीतून मिरवायचा, असं भाऊंनी जाहीर केलं होतं. लग्नाच्या दिवशी मागचा दिवा अर्धा इंच खाली होता. शेवटी सगळे बसने निघाले. पारोळ्याला बस चहाला थांबली, तर भाऊ गायब. शोधलं, तेव्हा ते बसच्या मागे उकिडवे बसले होते. फाटलेल्या फायबर बंपरवर नखाने टकटक करून ड्रायव्हरला म्हणत होते, ‘‘आतून दोन मॅट लाव रे, वरून लांबी. बसी जाई.’’

ड्रायव्हर खूश झाला. ‘‘काका, गाडीलाइनमधले का तुम्ही?’’

भाऊ उभे राहिले. झब्बा झटकला. वहिनी ऐकताहेत हे बघूनही आवाज खाली आला नाही.

‘‘नाही रे भो. घरची गाडी आहे आपली.’’